तानपुरा चालू असला की आवाज जात नाही: विंडोज ११ टाकल्यावर मुका होणारा लॅपटॉप

तक्रार दोन वाक्यांची होती. विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉपचा आवाज मधूनच जातो, आणि रीस्टार्ट केला की येतो. यातलं दुसरं वाक्य दुरुस्तीवाल्याच्या काहीच कामाचं नसतं. रीस्टार्टने बिघडलेलं ॲप सुधारतं, पडद्याआड चालणारी अडकलेली सर्व्हिस सुटते, ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषा प्रोग्राम) नव्याने चढतो, कधीकधी सैल वायरसुद्धा योगायोगाने वागायला लागते. त्यामुळे बिघाड कुठल्या मजल्यावर आहे हे त्यातून कळत नाही.

मशीन मिरजेतल्या एका गाण्याच्या बाईंचं. एका ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड म्हणून विकत घेतलेला लॅपटॉप. आठव्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, विंडोजची प्रो आवृत्ती. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्याच्या आगेमागे आमच्याकडे अशा लॅपटॉपांची रीघ लागली होती. मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी ही विंडोज ११ला अधिकृतपणे चालणारी सर्वांत जुनी पिढी. म्हणजे हे मशीन काठावर पास झालेलं. अपग्रेड जुन्या विंडोजवरच चढवलेलं, फॉरमॅट न करता. बाईंच्या शिष्यांत पुण्याची मुलं आहेत तशी दुबई आणि न्यू जर्सीचीही आहेत, सगळ्यांची शिकवणी ऑनलाइन. तानपुरा लॅपटॉपमधल्या ॲपवरचा. तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत राहून तानपुरा लॅपटॉपवर लावायचा म्हणजे थोडं ओशाळवाणंच, पण वेळेला सुरात जुळलेला मिळतो हे खरं.

आधी एका दुकानात त्यांना स्पीकर गेलेत, बदलावे लागतील असं सांगितलं होतं. स्पीकर जातात, नाही असं नाही. पण गेलेला स्पीकर फरफरतो, एका बाजूचा बारीक होतो, नाहीतर कायमचा बंद पडतो. दोन्ही स्पीकर एकाच क्षणी जातात आणि एकाच क्षणी परत येतात, तेव्हा शंका स्पीकरवर घेऊ नये.

एक तक्रार नव्हे, दोन

बाईंशी बोलताना पहिल्यांदा लक्षात आलं ते हे की त्या दोन वेगवेगळी दुखणी एकाच नावाने सांगत होत्या. एक, त्यांना मुलांचा आवाज येत नाही. दुसरं, मुलांना तानपुरा ऐकू येत नाही. दुसऱ्याचा विंडोजशी संबंध नव्हता. मीटिंगच्या ॲपांना मागचा सलग आवाज म्हणजे पंखा किंवा ट्रॅफिक वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. तानपुऱ्याइतका सलग आवाज दुसरा कुठला? ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय होता, तो चालू केला आणि हा भाग तिथेच मिटला.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट बघून घेतली. कंट्रोल पॅनेलच्या 'साउंड'मध्ये 'कम्युनिकेशन्स' असा टॅब असतो. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा, अशी खूण तिथे मुळातच केलेली असते. आवाज 'गेला' म्हणून येणाऱ्या कितीतरी तक्रारी या एका टिचकीने सुटतात. ही मात्र सुटली नाही. बाईंचा आवाज कमी होत नव्हता, पूर्ण जात होता.

मग खरं विचारायचं ते विचारलं.

"बाई, आवाज जातो तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?"

"काहीच नाही हो, तेच तर! एकाची शिकवणी संपते, मी पाणी पिऊन येते, तोवर दुसरा येऊन बसलेला असतो. बघते तर त्याचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही."

"आणि शिकवणी चालू असताना मध्येच?"

"नाही, मध्ये कधी नाही. आणि तानपुरा लावलेला असला ना, तर अजिबातच नाही. म्हणून मी हल्ली तो बंदच करत नाही. दिवसभर काळी चारमध्ये गुणगुणत असतो बिचारा."

या शेवटच्या वाक्यात निम्मं निदान होतं. बाईंनी स्वतःच्या सोयीने जो उपाय शोधला होता, तो आमच्या भाषेत सांगायचा तर ऑडिओ स्ट्रीम, म्हणजे आवाजाचा प्रवाह, उघडा ठेवणं. मीटिंगचं ॲपही कॉल चालू असेपर्यंत, सगळे गप्प बसलेले असले तरी, स्ट्रीम बंद करत नाही. म्हणून शिकवणीच्या मध्ये आवाज जात नव्हता. कॉल तोडला, तानपुरा थांबवला, मशीन थोडा वेळ खरोखर शांत झालं, की त्यानंतरचा पहिला आवाज हरवत होता.

कधीतरी होणाऱ्या बिघाडात लोक तो केव्हा होतो एवढंच सांगतात. केव्हा होतच नाही, हे सहसा विचारावं लागतं.

रेषेच्या वर की खाली

लॅपटॉप माझ्या टेबलावर आला तो चार्जर लावून, आणि दुपारभर त्याने एकदाही आवाज सोडला नाही. बाईंना फोन करून विचारलं, शिकवताना चार्जर लावलेला असतो का? त्या बैठकीवर बसून शिकवतात, प्लग दुसऱ्या भिंतीला, वायर पोचत नाही. म्हणजे शिकवणी बॅटरीवर. चार्जर काढला, आणि चहा संपेपर्यंत लॅपटॉप मुका झाला.

मुका झालेला असताना रीस्टार्ट करायचा मोह टाळावा, कारण पुरावा त्याच अवस्थेत असतो. 'साउंड'च्या 'प्लेबॅक' टॅबवर स्पीकरच्या नावासमोर एक हिरवी पट्टी असते. विंडोज स्पीकरकडे आवाज पाठवत असेल तर ती नाचते. गाणं लावलं. पट्टी नाचत होती, स्पीकर गप्प. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून मशीनला कोण जागं ठेवतंय ते सांगणारी 'पॉवरसीएफजी'ची 'रिक्वेस्ट्स' ही आज्ञा दिली, तर तिथेही ऑडिओ स्ट्रीम वापरात असल्याची नोंद. याचा अर्थ ॲप ठीक, विंडोजची ऑडिओ सर्व्हिस ठीक, आवाज ड्रायव्हरपर्यंत पोचतोय. बिघाड त्या रेषेच्या खाली.

हीच पट्टी निश्चल असती तर शोध उलट्या दिशेला गेला असता: चुकीचं आउटपुट निवडलेलं, ब्लूटूथ हेडसेटने आवाज पळवलेला, सर्व्हिस अडकलेली. सर्व्हिसेस रीस्टार्ट करा, ट्रबलशूटर चालवा हा इंटरनेटवरचा नेहमीचा सल्ला त्या दिशेचा आहे. पट्टी नाचत असताना तो करत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

मग हेडफोनची पिन खोचली. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ. पिन काढली, आणि स्पीकरही बोलायला लागले. बाईंनी कधी हेडफोन लावून पाहिलाच नव्हता, नाहीतर हा इलाज त्यांनाही सापडला असता.

इथे लॅपटॉपच्या पोटातली थोडी रचना सांगायला हवी. इंटेलने २००४मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ' नावाचं मानक आणलं, त्याआधीच्या एसी-९७च्या जागी. या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत आवाजाची व्यवस्था त्यावरच चालते. बोर्डावर कोडेक नावाची चिप असते. ती आकड्यांचा आवाज करते. हेडफोनला लागेल एवढी ताकद त्या चिपमध्येच असते. स्पीकरला मात्र जास्त ताकद लागते, म्हणून पुढे वेगळा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, आणि त्याला चालू-बंद करणारी एक तार कोडेककडून येते. मानकात तिला ईएपीडी म्हणतात, 'एक्स्टर्नल ॲम्प्लिफायर पॉवर डाउन'. पाणी टाकीत आहे, पाइपातही आलंय, पण नळाचा कॉक बंद, अशी गत त्या तारेमुळे होऊ शकते. हेडफोन चालतो आणि स्पीकर गप्प, विंडोज मात्र सगळं आलबेल असल्याचं सांगतं. पिन खोचून काढली की ड्रायव्हर आवाजाचा रस्ता नव्याने मांडतो आणि त्या भरात कॉकही उघडतो.

आता प्रश्न एवढाच उरला, कॉक बंद कोण करतंय आणि परत उघडायला कोण विसरतंय.

तीस सेकंद

बंद करणारा कोण ते लगेच सापडतं. वापर नसेल तर कोडेकला झोपवायचं, ही विंडोजची साधी आणि योग्य सवय आहे. किती वेळाने झोपवायचं ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, लिहिलेलं असतं. ध्वनी उपकरणांच्या वर्गाची, '४डी३६ई९६सी'ने सुरू होणारी जी लांबलचक किल्ली आहे, तिच्या खाली प्रत्येक उपकरणाला 'पॉवरसेटिंग्ज' असा कप्पा असतो आणि त्यात तीन नोंदी: 'कन्झर्व्हेशनआयडलटाइम' ही बॅटरीवरची मुदत, 'परफॉर्मन्सआयडलटाइम' ही चार्जरवरची, आणि 'आयडलपॉवरस्टेट' म्हणजे किती गाढ झोपवायचं. मुदत सेकंदात, पण दहाऐवजी सोळाच्या पायाने (हेक्साडेसिमलमध्ये) लिहिलेली. या मशीनवर चार्जरची मुदत शून्य होती, म्हणजे झोपवूच नका. बॅटरीची मुदत '१ई', म्हणजे ३० सेकंद.

मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून बसलो. चार्जर काढलेला, पंखा बंद, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, कान लॅपटॉपच्या डाव्या स्पीकरच्या जाळीला. छोटा टेस्टचा टोला वाजवला. वीस सेकंद थांबून पुन्हा वाजवला, वाजला. पुन्हा वाजवून चाळीस सेकंद थांबलो. तिसाच्या जरा पुढे जाळीतून अगदी बारीक 'टक्' आलं. ॲम्प्लिफायर बंद होतानाचा तो आवाज एरवी कुणाच्या कानावर पडत नाही. चाळिसाव्या सेकंदाला टोला वाजवला, हिरवी पट्टी उडाली, स्पीकर गप्प. निरोगी मशीनवर जागं होताना दुसरं 'टक्' येतं. इथे ते आलंच नाही.

तेव्हा 'मधूनच' या शब्दाचा उलगडा झाला. बॅटरीवर असणं, तीस सेकंदांहून जास्त संपूर्ण शांतता, आणि हेडफोन न लावलेला, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आवाज दरवेळी जात होता. एक जरी नसली तरी कधीच जात नव्हता. बाईंना त्या तीन गोष्टी एकत्र केव्हा येतात हे माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांना तो लहरी वाटत होता.

आणखी एक कोडं यातच सुटलं. बाई म्हणत होत्या की रात्री शटडाउन केलेला लॅपटॉप सकाळी उघडला तरी कधीकधी मुकाच असतो, पण रीस्टार्ट केला की येतो. हे ऐकून घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पण बाईंचं बरोबर होतं. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आहे. ते चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा बंद होत नाही, जसाच्या तसा डिस्कवर झोपवला जातो आणि सकाळी तिथूनच उठवला जातो. ड्रायव्हर पहिल्यापासून सुरू होतो तो फक्त रीस्टार्टला.

विसरतंय कोण

आधी हार्डवेअर बाजूला काढलं. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे विंडोजला हात न लावता, लॅपटॉप चालू केला, बॅटरीवर ठेवून लांब लांब खंड देत गाणी वाजवली. लिनक्सही कोडेकला झोपवतंच. आवाज प्रत्येक वेळी परत आला. म्हणजे ॲम्प्लिफायर, तार, स्पीकर सगळं धडधाकट. नवे स्पीकर टाकले असते तर तेही तीस सेकंदांनी मुके झाले असते.

परत विंडोजमध्ये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इव्हेंट्स' नावाचा टॅब असतो. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण अपग्रेडनंतरच्या कुठल्याही दुखण्यात मी पहिला तिथे जातो. उपकरणाबाबत केव्हा काय घडलं याची तारीखवार नोंद तिथे असते. अपग्रेडच्या दिवशीची नोंद होती: उपकरण जुन्या विंडोजमधून नव्यात आणलं. त्यानंतर आठवडाभराने दुसरी: नवा ड्रायव्हर बसवला. तो विंडोज अपडेटमधून, कुणाला न विचारता आला होता. विंडोजच्या 'आयएनएफ' फोल्डरमधल्या 'सेटअपएपीआय' लॉगमध्ये तीच तारीख आणि आधीच्या-नंतरच्या आवृत्त्यांचे आकडे.

बाईंना फोन केला. "अपग्रेड केल्यावर लगेच आवाज जायला लागला, की काही दिवसांनी?" थोडं आठवून म्हणाल्या, "पहिल्या शनिवार-रविवारच्या शिकवण्या नीट झाल्या होत्या हो."

म्हणजे विंडोज ११मुळे आवाज गेला हे अर्धसत्य. अपग्रेडने जुना ड्रायव्हर नीट सोबत आणला होता, आणि तो नव्या विंडोजवर व्यवस्थित चालत होता. बिघाड आला तो मागाहून आलेल्या ड्रायव्हरबरोबर.

हल्लीचा ऑडिओ ड्रायव्हर एक फाइल नसते. चिप बनवणाऱ्याचा मूळ ड्रायव्हर वेगळा. त्यावर लॅपटॉप कंपनीचा 'एक्स्टेन्शन' थर, ज्यात त्या मॉडेलची खास माहिती असते. आणि वर सेटिंगचं ॲप. हे तिन्ही तुकडे स्वतंत्रपणे अपडेट होऊ शकतात. दोन ड्रायव्हर उपकरणाशी सारखेच जुळत असतील तर विंडोज ज्याची तारीख नवी तो निवडतं. त्यामुळे मूळ ड्रायव्हर नवा आणि एक्स्टेन्शन जुना, अशी विजोड जोडी जमू शकते. या मशीनवर तीच जमली होती.

पडताळणी दोन बाजूंनी केली. 'लेट मी पिक'मधून विंडोजचा स्वतःचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' ड्रायव्हर लावला: चाळीस सेकंदांची चाचणी पास, दुसरं 'टक्'ही आलं. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, कारण लॅपटॉप कंपनीने त्या इवल्या स्पीकरांसाठी केलेली जुळवणी या ड्रायव्हरला माहीत नसते. मग नवा ड्रायव्हर परत लावून रजिस्ट्रीतली बॅटरीची मुदत शून्य केली, रीस्टार्ट केला: आवाज जाणं थांबलं. झोपायलाच दिलं नाही तर उठवायचा प्रश्न येत नाही.

उपाय

ही शून्याची युक्ती इंटरनेटवर पक्का इलाज म्हणून फिरते. ती चालते आणि धोकाही नाही, थोडी बॅटरी जास्त जाते एवढंच. तरी मी ती चाचणीपुरतीच वापरली आणि आकडा परत तीसवर आणला. कारण पुढचा ड्रायव्हर आला की त्या नोंदी पुन्हा लिहिल्या जाऊ शकतात, आणि शिवाय लॅपटॉप स्लीपमधून उठतो तेव्हाही ॲम्प्लिफायरला जागं करावं लागतं. तिथे ही मुदत कामाला येत नाही.

खरा उपाय लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरचा, याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर. तिथे विंडोज ११च्या नावाखाली काहीच नव्हतं, फक्त विंडोज १०चा होता. लोक इथे थबकतात, पण अशा मशीनवर तो बेलाशक घ्यावा. हाच ड्रायव्हर अपग्रेडनंतरचा पहिला आठवडा विंडोज ११वर चाललाच होता.

क्रम महत्त्वाचा. आधी वायफाय बंद, नाहीतर जुना काढेपर्यंत विंडोज अपडेट तोच नवा परत आणून ठेवतं. मग डिव्हाइस मॅनेजरमधून उपकरण अनइन्स्टॉल, आणि तिथे ड्रायव्हरही काढण्याची जी खूण असते ती करायचीच. ती केली नाही तर ड्रायव्हर विंडोजच्या कोठारात पडून राहतो आणि रीस्टार्टला तोच पुन्हा चढतो. त्यानंतर 'पीएनपीयूटिल' या विंडोजच्याच आज्ञेने कोठारातली यादी पाहून त्याच कंपनीचा आणखी एखादा उरलाय का ते तपासलं. एक निघाला, तोही काढला. मग कंपनीचा संच बसवून रीस्टार्ट. ड्रायव्हर टॅबवर आवृत्तीचा आकडा जुळला तेव्हाच वायफाय चालू केलं.

तो परत येऊ नये म्हणून ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजला नियम घालून देण्याच्या जागेत, विंडोज अपडेटखाली, अपडेटबरोबर ड्रायव्हर देऊ नका अशी एक ओळ असते, ती चालू केली. प्रो आवृत्ती होती म्हणून हे सोपं गेलं, होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते. यात तोटाही आहे: वायफाय, ग्राफिक्स सगळ्यांचेच ड्रायव्हर थांबतात. सात वर्षांच्या मशीनला तो तोटा मला चालण्यासारखा वाटतो. नव्या मशीनवर मी हे करणार नाही.

परत देण्याआधी बॅटरीवर लांब खंड, झाकण मिटून उघडणं, स्लीप, रात्रीचं शटडाउन, हेडफोनची पिन आत-बाहेर, हे सगळं तपासलं. फास्ट स्टार्टअप मुद्दाम चालूच ठेवलं. ते बंद केल्यावरच आवाज टिकत असेल तर बिघाड गेलाच नाही असा त्याचा अर्थ झाला असता.

असंच दिसणारं, पण वेगळं

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत काही लॅपटॉपांचा आवाज गेला होता तो 'क्रिडएसपीएपीओ' या फाइलमुळे. डिरॅक ऑडिओ असलेल्या त्या मशीनना डिसेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने अपग्रेड देणंच थांबवलं होतं. तिथे ॲपना स्पीकर ओळखूच येत नसे, त्यामुळे हिरव्या पट्टीचा प्रश्नच नाही. अकराव्या पिढीच्या इंटेल मशीनवर 'स्मार्ट साउंड'च्या ड्रायव्हरची १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ ही आवृत्ती असेल तर विंडोज ११मध्ये मशीन कोसळून थेट निळा पडदा येऊ शकतो. शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा असेल तर तो त्रास नाही. आणि यूएसबीचा बाहेरचा डॅक (आकड्यांचा आवाज करणारी वेगळी डबी) जानेवारी २०२५च्या अपडेटनंतर 'कोड १०' दाखवून बंद पडला असेल, तर ते आणखी तिसरंच. ही तिन्ही दुखणी वरच्या इलाजाने बरी होणार नाहीत.

बाईंचा लॅपटॉप आता बैठकीवर, बॅटरीवर चालतो. ग्रुप पॉलिसी मोठ्या अपग्रेडनंतर टिकली आहे का ते बघायला हवं, म्हणून 'इव्हेंट्स' टॅब कुठे उघडायचा ते त्यांच्या मुलाला दाखवून ठेवलं आहे. तानपुरा मात्र त्या अजूनही दिवसभर लावून ठेवतात. म्हणाल्या, "आता सवय झाली हो, बंद केला की घर रिकामं वाटतं."